उसवणारी शिवण जीव वाचवते

उंच परांचीवरच्या कामगाराच्या कमरेला पट्टा व दोर बांधला, की तो सुरक्षित झाला असे आपण धरून चालतो. पण दोर तुटला नाही म्हणजे माणूस वाचलाच, असे होत नाही. असे का, ते थोडे गणित करून पाहू.

समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा कामगार २ मीटर खाली पडला आणि मग दोर ताणला गेला. त्या क्षणी त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरहून अधिक आणि गतिज ऊर्जा सुमारे १,२०० ज्यूल असते. ही ऊर्जा किती अंतरात शून्यावर येते, यावर झटका अवलंबून असतो. दोराने त्याला ५ सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर दोराचे सरासरी बल कामगाराच्या वजनाच्या सुमारे ४० पट होते. हेच थांबणे १ मीटरमध्ये झाले, तर बल फक्त ३ पट भरते.

म्हणून चांगल्या दोराला ऊर्जाशोषक जोडलेला असतो. त्यात एक भक्कम पट्टी घड्या घालून शिवलेली असते. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की शिवण क्रमाने उसवत जाते आणि ऊर्जा त्यात खर्च होते. एकदा उसवलेला शोषक पुन्हा वापरता येत नाही.

बल शरीराला कोठे लागते, हेही महत्त्वाचे. कमरपट्ट्यामुळे ते पोट व कण्यावर एकवटते. हार्नेस ते मांड्या, छाती व खांद्यांवर वाटून देतो. अमेरिकेत १९९८ पासून पडणे रोखण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास मनाई आहे.

आता आकडा कोठे अडकवायचा? दोर १.८ मीटरचा आणि पाठीवरची कडी पायापासून १.४ मीटर उंच असेल, तर पायाशी आकडा अडकवणारा कामगार ३.२ मीटर पडल्यावरच दोर ताणला जातो. डोक्यावर अडकवल्यास पडणे पुष्कळच कमी होते. कमी उंचीवर तर दोर ताणला जाण्याआधीच जमीन लागू शकते.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. शिवणाच्या दोऱ्याला लहान दगड बांधून अलगद लोंबकळू द्यावा, दोरा टिकतो. मग दगड उचलून सोडावा. दोरा तुटेल इतपत दगडाचे वजन वाढवावे. आता दोऱ्यात रबर जोडून तोच दगड तितक्याच उंचीवरून सोडावा. खाली वाळूचे घमेले ठेवावे आणि मुलांना दूर उभे करावे.

दोराने थांबवल्यावरही धोका संपत नाही. लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साचते व माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्याला लगेच उतरवण्याची तयारी हवी. आकडा अडकवायला वर भक्कम आधारच नसेल, तर ‘कामगारच निष्काळजी’ म्हणणे योग्य नव्हे. तो आधार आधी उभारणे हे काम करवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.