सिंकचं बटण आलं, तरी डीजेचा कान तयार हवा

बेळगाव : लग्नसराईत हळद असो वा वरात, डीजेचा लॅपटॉप आता दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवतो. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, आधीच मोजून ठेवतं. 'सिंक'चं बटण दाबलं की दुसरं गाणं पहिल्याच्या वेगावर येतं. संगणकावर बनलेल्या १२८ बीपीएमच्या गाण्यांत हे चोख चालतं.

अडचण जुन्या गाण्यांची. तिथे ढोलकी, तबला माणसाच्या हातचा; लय मध्येच किंचित चढते, उतरते. सॉफ्टवेअर मात्र बहुतेक वेळा एकच वेग धरून बसतं. कधी ७० च्या गाण्याला १४० समजतं. मग ठेके एकमेकांवर आदळतात आणि नाचणारे थांबतात.

अशा वेळी कानच कामाला येतो. पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकायचं, पिचच्या पट्टीने वेग जुळवायचा आणि समेवर सोडायचं. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलवर डीजे हेच करत.

म्हणून घरी सिंक बंद ठेवून सराव करावा. कार्यक्रमात नव्या गाण्यांना सिंक खुशाल लावावं. वाचलेलं लक्ष नाचणाऱ्यांकडे द्यावं. एक वरात फसली, तर त्या गल्लीतली पुढची सुपारी दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.