कडूपणाचा हॉप्स वेगळा, वासाचा वेगळा. रोपे घेण्याआधी हे समजून घ्या

केनवड (ता. रिसोड) : बिअर जवापासून बनते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण तिला कडू चव आणि वास देणारा हॉप्स हा वेलीचा माल आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. नवीन पीक म्हणून त्याचे नाव कानावर आले, तर आधी त्याचा हिशेब समजून घेतलेला बरा.

हॉप्सच्या मादी वेलीला शंकूसारखी हिरवी फुले लागतात. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. तिच्यातल्या अल्फा आम्लाने कडूपणा येतो, तर तेलाने वास.

आधी काय, शेवटी काय?

अल्फा आम्ल तासभर उकळले तरच कडूपणा नीट उतरतो. तेल मात्र तेवढ्या वेळात वाफेसोबत उडून जाते. म्हणून भाजीत जसे तिखट-मीठ आधी आणि कोथिंबीर शेवटी, तसेच इथेही. कडूपणाचा हॉप्स उकळीच्या सुरुवातीला आणि वासाचा शेवटच्या 5-10 मिनिटांत किंवा आंबवण झाल्यावर टाकतात.

कडूपणासाठी मॅग्नमसारखी जात घेतात. तिच्यात अल्फा आम्ल साधारण 12 ते 14 टक्के असते. चेक देशातल्या साझ या वासाच्या जातीत ते 3 ते 4 टक्केच. म्हणजे जिथे मॅग्नम 100 ग्रॅम पुरतो, तिथे साझ 300 ग्रॅमच्या वर लागेल, आणि वासही उडून जाईल. कास्केडसारख्या काही जाती दोन्ही कामांना चालतात.

आपल्याकडे येईल का?

भारतात हॉप्सची शेती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होते. या वेलीला हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. जर्मनीच्या हॉप्स पट्ट्यात जूनमधला दिवस 16 तासांचा असतो, आपल्याकडे सव्वातेरा तासांचा. दिवस लहान पडला की वेल पुरती वाढायच्या आधीच फुलावर येते आणि माल कमी लागतो. उशिरा पेरलेली तूर बुटकी राहून फुलते, तसेच हे.

त्यामुळे कोणी रोपे विकायला आलाच, तर तीन गोष्टी विचारा : जात कोणती, अल्फा किती टक्के आणि आपल्यासारख्या हवामानात माल काढलेला मळा कुठे आहे? तिसऱ्याचे उत्तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.