मांजराचा ओरखडा आणि काखेतील गाठ

कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. शेजारच्या बीदर जिल्ह्यातही तूर, मूग, उडीद यांचे पीक मोठे असते. जेथे धान्याची पोती, तेथे उंदीर. आणि जेथे उंदीर, तेथे मांजर हे ओघाने आलेच. आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील घरांत त्याला कोणी मांजर म्हणते, कोणी बेक्कू म्हणते; पण त्याच्या पिलाशी खेळताना मुलांच्या हातावर उठणारे ओरखडे दोन्ही भाषांत सारखेच दुर्लक्षिले जातात. या ओरखड्यातून कधी कधी उद्भवणाऱ्या एका आजाराची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

या आजारास ‘मार्जार-ओरखडा ज्वर’ असे म्हणता येईल. पॅरिस येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबेर देब्रे यांनी १९५० साली त्याचे वर्णन केले. त्याचे कारण मात्र पुढे कितीतरी वर्षे अज्ञात राहिले. १९८३ साली रुग्णांच्या गाठींत सूक्ष्म जंतू दिसून आले व १९९२ च्या सुमारास ‘बार्टोनेला हेन्सेली’ हा जंतू त्यास कारणीभूत असल्याचे स्पष्ट झाले. हा जंतू मांजराच्या रक्तात राहतो, तरी मांजर आजारी दिसत नाही. एका मांजरापासून दुसऱ्या मांजराकडे तो पिसवांमार्फत जातो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यावाटे जंतू माणसाच्या शरीरात शिरतो. मोठ्या मांजरांपेक्षा पिलांपासून हा धोका अधिक असतो.

लक्षणे : ओरखडल्यानंतर साधारणतः तीन ते दहा दिवसांत त्या जागी लालसर पुटकुळी येते. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांत त्याच बाजूच्या काखेत, मानेत किंवा जांघेत गाठ सुजते व दुखते. आपल्याकडे यालाच ‘अवधाण आले’ असे म्हणतात. सोबत बारीक ताप, थकवा, डोकेदुखी व अन्नावरील वासना जाणे ही लक्षणे आढळतात. बहुतेक रुग्णांत गाठ दोन ते चार महिन्यांत आपोआप ओसरते. क्वचित डोळा लाल होऊन कानाजवळ गाठ येते, दृष्टी मंदावते किंवा यकृत व प्लीहा यांवर परिणाम होतो. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्यांना हा आजार गंभीर ठरू शकतो.

निदान : खरी अडचण येथेच आहे. मानेतील वा काखेतील गाठ आपल्या देशात पुष्कळदा क्षयाची असते. जुने लोक तिला गंडमाळ म्हणत. सुईने गाठीतील पेशी काढून तपासल्या, तर दोन्ही आजारांत दाहाचे चित्र बरेचसे मिळतेजुळते दिसू शकते. गाठ ओरखड्याची असताना क्षयाची समजली गेली, तर मुलास किमान सहा महिने अनावश्यक औषधे घ्यावी लागतील. उलट क्षयाची गाठ ‘मांजराची’ समजून सोडून दिली, तर हानी त्याहूनही मोठी होईल. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या गाठीची क्षयासाठी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य होते. त्याचबरोबर घरी मांजर आहे काय, ओरखडा केव्हा व कोठे आला, ही हकीकत डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. हा एक धागा मिळाला, की रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी अथवा गाठीतील जंतूच्या जनुकीय अंशाचा शोध या मार्गांनी निदान निश्चित करता येते. गरजेनुसार डॉक्टर प्रतिजैविक देतात. गाठ घरी दाबू वा फोडू नये, तिच्यावर डागणीही देऊ नये.

रेबीजचे विस्मरण नको : मार्जार-ओरखडा ज्वर बहुधा आपोआप बरा होतो, रेबीज मात्र लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि तो मांजरापासूनही होतो. यास्तव मांजराने ओरखडले किंवा चावा घेतला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र वा रुग्णालय गाठून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक लस घ्यावी. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात.

मांजर घराबाहेर घालविणे हा यावरील उपाय नव्हे. ते गेले तर उंदीर माजतील. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मांजराच्या पिसवांचा बंदोबस्त करावा, त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी, पिलांशी दांडगाई करू नये आणि उघड्या जखमेस मांजराला चाटू देऊ नये, असे मुलांना समजावून सांगावे. ओरखडा लहान असला तरी तो कोणत्या तारखेस आला, एवढे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवले, तरी पुढे डॉक्टरांचे काम पुष्कळ सुकर होईल.