झिजलेला स्क्रॅचिंग पोस्ट: दोरी बदलण्याबद्दलचे गैरसमज

मांजराने नखे घासून स्क्रॅचिंग पोस्टची दोरी लोंबू लागली की खांबच टाकाऊ झाला, असे बहुतेक घरांत धरले जाते. झिजलेली असते ती दोरी. आतली पुठ्ठ्याची किंवा लाकडाची नळी भिजलेली, पिचलेली नसेल तर तिच्यावर नवी दोरी सहज चढते.

मांजर नखांना धार लावते, हा समज अर्धाच खरा आहे. घासल्याने नखावरचे जुने कवच गळते आणि खालचे टोकदार नख उघडे पडते. पण त्याच वेळी पंजातल्या ग्रंथींचा गंध खांबाला लागतो, आणि ओरखडे ही दिसणारी खूण उरते. त्यामुळे नवीकोरी दोरी मांजराला आवडेलच असे नाही. सगळी जुनी दोरी एकदम उतरवली तर ओळखीचा गंधही जातो आणि मोर्चा सोफ्याकडे वळू शकतो. फाटलेला पट्टा तेवढा बदलून खालचे काही वेढे तसेच ठेवणे शहाणपणाचे. ‘स्वच्छते’साठी खांब फिनाइलने पुसणे मात्र घातक आहे. फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि पंजाला लागलेले चाटून पोटात जाते.

दोरी कोणतीही चालते, हा दुसरा समज. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, नख तिच्यात रुतत नाही. तिचे सुटलेले लांब धागे गिळले गेले तर आतड्यात अडकतात. सुतळी मऊ, लवकर झिजणारी, आणि ताग कातताना वापरलेल्या खनिज तेलाचा वास तिला असतो. सर्वांत टिकते ती सिसलची, म्हणजे घायपाताच्या वाखाची, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची दोरी.   लांबीचा अंदाज मात्र हमखास चुकतो. ९ सेंटिमीटर व्यासाच्या खांबाचा ५० सेंटिमीटर भाग ८ मिलिमीटर जाडीच्या दोरीने मढवायला सुमारे १९ मीटर दोरी लागते; पाच-सहा मीटरमध्ये काम भागत नाही.

सर्वाधिक नुकसान करणारा समज असा, की दोरी भिजवून गुंडाळली म्हणजे वाळताना ती आवळत जाते. कातड्याच्या वादीचे तसे होते, वाखाच्या दोरीचे उलट. पाणी शोषून तंतू फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोरी आखूड होते. वाळली की पुन्हा लांबते. पावसात कपडे वाळत घालायची सुती दोरी ताणली जाते, ती याच कारणाने. रायपूरसारख्या शहराच्या हवेत हा फरक चांगलाच जाणवतो. जून ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत, किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत घट्ट वाटलेले वेढे पुढे कोरड्या हवेत सैल पडतात आणि एकावर एक सरकतात. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर चढतो तेव्हा तर विचारूच नये. दुरुस्तीला कोरडे महिने बरे. पावसाळ्यातच करायची वेळ आली, तर दोरी आधी उन्हात चांगली तापवून घ्यावी.

भरपूर गोंद लावला की दोरी पक्की बसते, हेही तितकेसे खरे नाही. दोरीला धरून ठेवतो तो ताण. दोन्ही टोकांना आणि मध्ये दर आठ-दहा वेढ्यांनी फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाची पातळ रेघ पुरते. दमट हवेत तो वाळायला पूर्ण दिवस द्यावा. दोरीभर गोंद माखला तर तंतू कडक होतात आणि पुढच्या खेपेला जुनी दोरी सोलून काढणे जिकिरीचे होते. उग्र वासाचे रबरी सोल्यूशन बंद खोलीत वापरू नये. स्टेपलच्या पिना तर नकोतच: दोरी झिजली की त्यांची टोके वर येतात.

एवढे करूनही मांजर फिरकले नाही, तर दोष दोरीचा नसण्याची शक्यता मोठी. अंग पूर्ण ताणून ओढताना खांब डगमगला की मांजर तो सोडून देते. तळपाटाखालचा स्क्रू आवळावा, भोक सैल झाले असेल तर मोठा वॉशर घालावा, तळपाट हलके असेल तर खाली जड फरशी जोडावी. मोठ्या मांजरासाठी खांब ७५ ते ९० सेंटिमीटर उंच असावा. त्याहून आखूड असेल, तर दोरी बदलण्याआधी नळी बदलावी.