कराडच्या घरातला समुद्र

कराडला पाण्याचं दारिद्र्य नाही. उत्तरेकडून कृष्णा येते, पश्चिमेकडून कोयना, आणि प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर भेटतात. पण हे सारं गोडं पाणी. अरबी समुद्र कुंभार्ली घाटाच्या पार पलीकडे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, ते समुद्राच्या तोंडावरच. कराडकराला मात्र खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर समुद्र घरीच कालवावा लागतो.

गोड्या पाण्याचं गणित सोपं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवा, फिल्टर चालू ठेवा, आठवड्याला थोडं पाणी बदला. गप्पी, मॉली सुखाने राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 7 किलो मीठ, आणि तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं मत्स्यालयाचं खास मीठ आरओच्या पाण्यात नीट विरघळवून घ्यावं लागतं.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. काचेच्या कडेला पांढरी खरड धरते. इथे नवखा माणूस हमखास फसतो आणि भर म्हणून खारं पाणीच ओततो. भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि रोज. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, ते तो लघवीवाटे बाहेर टाकतो. समुद्री माशाचं उलट: अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पीत असतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खारटपणा एकदम हलला की त्याचा जीव कासावीस होतो.

माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया दोन्हीकडे घातक. जिवाणू त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात; ते जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे आणू नयेत. खाऱ्या टाकीला प्रोटीन स्किमर लावतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात, घाण त्यांना चिकटून वर चढते आणि वरच्या भांड्यात चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी साठतं. ते भांडं भरलं की मला समाधान वाटतं; एवढं सगळं माशांच्या अंगाभोवती फिरत होतं! वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच, कारण खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

खर्च आणि कष्ट परवडतीलही. त्याहून मोठी जबाबदारी वेगळी आहे. आपल्याकडे कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. टाकी सजवायला ते विकत घेणं गुन्हा आहे. क्लाउनफिशची मात्र बंदिस्त पैदास होते, नवी मुंबईत ऐरोलीलाही झाली आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी वर्षभर गोड्या पाण्याची टाकी सांभाळा. मग समुद्राकडे वळा, आणि दुकानात किमतीआधी विचारा, मासा पैदाशीचा आहे की समुद्रातून धरलेला? उत्तर मिळालं नाही, तर तो मासा घेऊ नका.