मुलांना दगडाची माती होताना दाखवा

तिसरी-चौथीला खडक शिकवताय? मग पुस्तकातलं चित्र बाजूला ठेवा आणि मुलांना जवळच्या टेकडीवर न्या. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बसाल्टवर उभा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांवरच्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर.

टेकडीच्या उतारावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे शोधा. पापुद्रा मुलांना बोटांनी चुरडू द्या. बाहेर पिवळट भुगा, आत टणक काळा दगड! पाण्याने आणि हवेने खडक जागच्या जागी कुजतो, ते विदारण. तो भुगा पावसाने वाहून गेला, की झाली धूप. या दोन्हींत मुलंच काय, मोठेही गोंधळतात, म्हणून इथे घाई नको.

वर्गात दोन ट्रे तिरके ठेवा, एकात उघडी माती, दुसऱ्यात गवतासकट. झारीने सारखंच पाणी घाला आणि खाली आलेलं पाणी ग्लासात धरा. रंग बघून मुलं स्वतःच कारण सांगतात, फार सुंदर क्षण असतो तो!

शिवाय बाटलीत माती-पाणी हलवून ठेवा. वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. रत्नागिरीकडे कुणी नातेवाईक असतील तर जांभ्याची लाल माती मागवा. मुसळधार पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह उरलं, म्हणून ती लाल.