पान क्रमांकाकडून गट क्रमांकाकडे

वेबवरच्या तक्त्यांत प्रचंड माहिती दाखवण्याच्या गेल्या वीस वर्षांतल्या पद्धती पाहिल्या, की खरा वेग नेमकं मागण्यातून आला, पडद्यावरच्या करामतींतून नव्हे, हे लक्षात येतं. २००५-०६ च्या सुमारास अजॅक्सचा बोलबाला झाला, जेक्वेरी आली. तेव्हा सगळ्या ओळी ब्राउझरमध्ये उतरवून तिथेच पानं पाडायची रीत रूढ झाली. काही शे ओळींना ती पुरली. पण महाराष्ट्रातले सातबारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. म्हणून महाभूलेख या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर कोहमाऱ्यातला शेतकरी आधी नागपूर विभाग, मग गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका, गाव असं करत गट क्रमांकापाशी पोचतो. प्रत्येक पायरीवर शोधायची माहिती कमी होत जाते, आणि मोबाइलवर शेवटी उतरतो तो एकच उतारा.

मधल्या काळात पानं पाडण्याचं काम सर्व्हरकडे गेलं, ते ‘लिमिट’ (किती ओळी द्यायच्या) आणि ‘ऑफसेट’ (आधीच्या किती सोडायच्या) यांच्या भरवशावर. पान २५ ओळींचं असेल तर पहिलं झटकन येतं. पण ४००१ वं पान मागितलं की डेटाबेस आधीच्या एक लाख ओळी चाळून बाजूला टाकतो आणि मग २५ देतो. उशीर एक वेळ सोसता येईल, चूक नाही. आपण दुसऱ्या पानावर जाईपर्यंत मागे एखादी ओळ वाढली तर पाहिलेलीच ओळ पुन्हा येते; एखादी कमी झाली तर पुढची ओळ न दिसताच निसटते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००६ मध्ये ज्या जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत गोंदिया होता. तिथल्या मस्टरच्या, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाच्या, यादीत निसटलेली ओळ म्हणजे एका मजुराची मजुरी. यावरचा उपाय साधा आहे: सातबाऱ्यांच्या यादीत ‘चाळिसावं पान द्या’ असं न म्हणता ‘शेवटी दिसलेल्या गटाच्या पुढचे २५ द्या’ असं मागायचं. इंडेक्स थेट त्या जागी पोचतो. फक्त क्रम पक्का हवा. गट क्रमांक निव्वळ मजकूर म्हणून साठवला तर १२/१० हा १२/२ च्या आधी येतो. म्हणून गट आणि हिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत, अंक म्हणूनच ठेवावे लागतात.

पान क्रमांक काढले तर मधल्या पानावर उडी कशी मारायची, असं विचारलं जातं. पण चाळिसावं पान कुणालाच हवं नसतं. हवं असतं आपलं खातं, आपलं नाव, आणि त्यासाठी शोधाचा रकाना लागतो. दिसतात तेवढ्याच ओळी पडद्यावर मांडून बाकीच्या सरकवताना आणण्याची युक्तीही चांगली, पण ती ब्राउझरचा भार हलका करते. मागची क्वेरी संथ असेल तर ती संथच राहते. सामाजिक अंकेक्षण करणाऱ्याला मात्र संपूर्ण यादी लागते, आणि हा आक्षेप रास्त आहे. त्याला पानं उलटायला लावणं हा अन्यायच. त्याच्यासाठी पूर्ण यादीची फाइल वेगळी तयार व्हावी, ती कोणत्या दिवशी, किती वाजताची आहे हे तिच्यावर छापलेलं असावं, आणि ती उतरवायला कुणाची परवानगी मागावी लागू नये.